बेंटिऊहून घरी काय लिहायचं?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी लातूरची, पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. दक्षिण सुदानमध्ये बेंटिऊला एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेत काम करते. विस्थापितांच्या छावणीतल्या टाक्या, नळकोंडाळी आणि संडास हे माझं खातं. इथे रोज काही ना काही फजिती होते आणि ती मी आमच्या घरच्या ग्रुपवर लिहीत आले. गाडी काळ्या मातीत रुतली आणि अर्धा दिवस तिथेच गेला. बुटात बेडूक निघाला. मजुरांच्या पगाराच्या नोटांची पिशवी पावसात भिजली, म्हणून तंबूत दोऱ्या बांधून रात्रभर नोटा वाळत घातल्या. विमान यायच्या आधी धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलायला गेले आणि मीच आपटले. कहर म्हणजे पाठीवरच्या पिशवीत वायरलेसचं बटण दाबलं गेलं आणि एका स्थळावरून आईशी फोनवर चाललेलं माझं भांडण सगळ्या तळाने ऐकलं. मराठी कोणालाच कळत नव्हती, पण दुसऱ्या दिवशी मी विषय सांगितल्यावर रेडिओरूममधले विचारू लागले, ‘मुलाकडचे किती गाई देतायत?’ आमच्याकडे उलट मुलीकडच्यांनाच द्यावं लागतं म्हटल्यावर त्यांची हसून पुरेवाट झाली.

आत्या हे सगळं गणपतीत घरभर जमलेल्या लोकांना वाचून दाखवते. आता घरून फोन आला की ‘कशी आहेस’ असं कोणी विचारत नाही, ‘आज काय नवीन?’ असंच विचारतात. मामी म्हणाली, ‘मजा आहे बाई तुझी.’ त्याच आठवड्यात आमच्या भागातलं एक लहान मूल जुलाबाने गेलं होतं.

मागच्या महिन्यात एका नळावर बायकांची जोरदार भांडणं चालली होती. मी व्हिडिओ काढला, वर मराठीतून क्रिकेटची कॉमेंट्री केली आणि ग्रुपवर टाकला. घरचे लोटपोट. दुसऱ्या दिवशी त्यांची हसण्याची रेकॉर्डिंगं ऐकत बसले होते, तर आमच्या टीममधले एक वयाने मोठे सहकारी मागे उभे. ते तिथलेच, स्वच्छतेच्या शिक्षणाचं काम बघतात. स्क्रीनवर त्यांच्याच भागातला नळ होता. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘काय आहे हसण्यासारखं? मलाही सांग.’ मला सांगता आलं नाही. ते निघून गेले. तेव्हापासून मी ग्रुपवर काही लिहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर हसूच येत नाही. अशा ठिकाणी हसणंच चूक आहे का?

— पाणीवाली

प्रिय पाणीवाली,

तुझ्या पत्रात पाच फजित्या आहेत आणि एक व्हिडिओ आहे. फजित्या वाचताना मी मनापासून हसले. भिजलेल्या नोटांच्या माळा डोळ्यांसमोर आल्या आणि पुन्हा हसले. व्हिडिओचं वाचून हसू आलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तू त्या एकाच गाठोड्यात बांधून सगळंच टाकून द्यायला निघाली आहेस. तसं करू नकोस.

आधी व्हिडिओबद्दल बोलू, कारण तोच तुला टोचतोय.

तू लातूरची आहेस. २०१६ चा उन्हाळा तुला आठवत असणारच. मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून पाणी आलं, तेव्हा ती गाडी बघायला लोक स्टेशनवर गेले होते. टँकर गल्लीत शिरला की पाइप पकडायला धावणाऱ्या, एकमेकींच्या घागरी बाजूला सारणाऱ्या, तोंडाला येईल ते बोलणाऱ्या बायका आपल्याच होत्या. कोणाच्या आया, कोणाच्या वहिन्या. एरवी एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जाणाऱ्या. त्या वेळी दूरच्या देशातून आलेल्या एखाद्या इंजिनिअर मुलीने गच्चीवरून त्यांचा व्हिडिओ काढून, त्यावर स्वतःच्या भाषेत कॉमेंट्री करून घरी पाठवला असता आणि ते तुला कळलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस? तुझ्या सहकाऱ्याने विचारलं तेच विचारलं असतंस. बहुधा इतक्या शांतपणे विचारलं नसतंस.

तू इंजिनिअर आहेस, म्हणून एक हिशेब मांडते. मदतकार्यात आपण सगळे स्फिअर नावाच्या ज्या आंतरराष्ट्रीय मानकांवर काम करतो, त्यांत एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं धरलेली आहेत, तीही नळाला मिनिटाला साडेसात लिटर धार असेल तर. म्हणजे वीस लिटरचा कॅन भरायला दोन मिनिटं चाळीस सेकंद. माणशी दिवसाला किमान १५ लिटर द्यायचे, तर तो एक नळ आठ तासांहून जास्त वेळ एकदाही न थांबता चालायला हवा. आता धार निम्मी आहे असं धर. किंवा पंपाचं डिझेल संपल्यामुळे पाणी दुपारीच बंद झालं. मग रांगेच्या शेवटी जी उभी आहे तिला काय दिसतं? पुढे वीस कॅन दिसतात, डोक्यावर ऊन असतं, घरी एकटं ठेवलेलं मूल असतं, आणि कोणीतरी ओळखीच्या बाईचा कॅन मध्येच घुसवतं. भांडण होणारच. जिथे भांडण होतं तिथे नळाचं काहीतरी बिनसलेलं असतं, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की नळावर आवाज चढला की मी आधी बादली आणि घड्याळ हातात घेते. तू त्या दिवशी फोन हातात घेतलास. उद्या त्या नळावर जा, कॅन लावून वेळ मोज. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा.

व्हिडिओ आजच ग्रुपवरून काढून टाक. आत्याने तो पुढे पाठवला असेल, तर कोणाकोणाला पाठवला ते विचार आणि त्यांनाही काढायला सांग. आत्याला वाईट वाटेल, तरी सांग. त्या बायकांचे चेहरे त्यात आहेत आणि चेहरे दाखवायला त्यांनी तुला होकार दिलेला नाही. बेंटिऊची ती छावणी डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटल्यावर जीव वाचवायला संयुक्त राष्ट्रसंघाच्या तळाच्या आश्रयाला आलेल्या लोकांची आहे, हे तू माझ्यापेक्षा रोज जवळून पाहतेस. कोण कोणापासून लपून तिथे राहतंय हे आपल्याला माहीत नसतं. एवढं एकच कारण पुरेसं आहे.

आता वायरलेसच्या किश्श्याकडे येते, कारण तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

बटण दाबलेलं राहिलं की त्या चॅनलवर दुसऱ्या कोणालाच बोलता येत नाही. त्या वेळात कोणाची गाडी अडली असती, गोळीबार झाला असता, तर तळाला कळलं नसतं. तेव्हा यापुढे हँडसेट पिशवीत कोंबू नकोस, कमरेला लाव. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

पण दुसऱ्या दिवशी तू जे केलंस ते फार चांगलं केलंस. तुझी चेष्टा होणार हे माहीत असूनही तू रेडिओरूममध्ये गेलीस आणि भांडण कशावरून होतं ते त्यांना सांगितलंस. त्यांनी गाईंचं विचारलं, ते थट्टेने असेलही, पण तिथल्या न्यूएर आणि डिंका जमातींत लग्नात मुलाकडून मुलीकडे गाई जातात, किती जाणार यावर दोन्ही घरांतली वडीलमाणसं महिनोन्‌महिने बोलणी करतात. तो त्यांच्याकडचा स्थळाबद्दलचा पहिला सरळ प्रश्न आहे. आणि तू आपल्याकडचं खरं सांगितलंस. हुंड्याविरुद्ध १९६१ पासून कायदा आहे आणि तरी मुलीचा बाप कर्ज काढतो, हे लातुरात राहून तुला वेगळं सांगायला नको. रेडिओरूममधले हसले ते आपल्या चालीरीतीला हसले. तूही त्यांच्या गाईंना हसली असशील. कोणाच्या पाठीमागे काही नव्हतं. त्या खोलीत असलेल्या प्रत्येकाने तो विनोद पूर्ण ऐकला होता.

नळाचा व्हिडिओ मात्र ज्यांच्यावर होता त्यांना सांगण्याजोगा नव्हता. ‘मलाही सांग’ म्हटल्यावर तुझी वाचा बसली, ती याच कारणाने. ही कसोटी मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालेली नाही, आत्ता तुझ्या पत्रातच सापडली, आणि मला ती पटली. ज्याची गोष्ट आहे त्याच्या तोंडावर ती सांगता येत असेल तर घरी लिही. सांगता येत नसेल तर लिहू नकोस.

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन छप्पन्नला भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढचे कितीतरी महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढले, आणि त्या दिवसांत मी मदत घेणाऱ्यांच्या रांगेत उभी होते. देणाऱ्यांच्या बाजूला मी पुष्कळ नंतर आले. म्हणून रांगेतून कसं दिसतं ते सांगू शकते.

एक गट यायचा. ते लोक गाडीतून उतरायचे आणि फोटो काढायचे. वाटलेल्या कपड्यांत मोठ्या मापाचे कोट आलेले होते, ते पोरांनी अंगात घातले होते, बाह्या हातभर लोंबायच्या. ते बघून ते आपापसांत हसायचे. आम्हाला त्यांची भाषा कळत नव्हती, तरी हसणं कोणावर आहे ते कळायचं. माझ्या चुलतभावाने तो कोट त्यानंतर अंगाला लावला नाही. थंडीचे दिवस होते.

आणि एक परदेशी नर्स होती. दुपारी काम आटोपलं की शेडमध्ये येऊन बसायची. एक दिवस ती काकूच्या शेजारी चुलीपुढे बसली आणि खुणेने म्हणाली, मला भाकरी शिकव. काकूची धाकटी मुलगी भूकंपात गेली होती. काकू कोणाशी बोलत नव्हती, फक्त कामं करायची. नर्सने पीठ घेतलं, थापायला लागली, आणि भाकरी फाटली. पुन्हा गोळा केला, पुन्हा फाटली. तिसऱ्यांदा तर भाकरी हातालाच चिकटून राहिली. काकू बघत होती. एकदम म्हणाली, “आगं, पिठाची इरी गेलीया. गरम पानी घाल की!” आणि हसली. शेडमधल्या सगळ्या बायका हसल्या. नर्स तर त्यांच्याहून जोरात हसली. काकूने तिच्या हातातून परात ओढून घेतली आणि गरम पाण्यात पीठ मळून दाखवलं. त्या दिवसापासून काकू रोज तिची वाट बघायची, शिकवायला. देणारी कोण आणि घेणारी कोण, हे तेवढ्या वेळापुरतं उलटं व्हायचं.

तेव्हा अशा ठिकाणी हसणं चूक आहे का, असं तू मला विचारतेस तेव्हा मला काकूच आठवते. ज्यांच्यावर संकट आलंय ते लोक हसतात. खूप हसतात. तुझ्या छावणीतही संध्याकाळी हसण्याचे आवाज येत असतील. तू कान दिलेला नसशील, एवढंच. दुःखाच्या जागी चेहरा पाडून बसणं हा काही त्यांचा सन्मान नव्हे.

आता तुझी गाडी रुतल्याची गोष्ट बघू. तू मला ती एका वाक्यात लिहिलीस, घरी सविस्तर लिहिली असशील. त्यात चिखल होता, तू पडलीस, बूट रुतून बसला, मासे पकडून येणारी पोरं थांबून बघत होती, असं काहीतरी असणार. ड्रायव्हर होता का? मला जवळजवळ खात्री आहे की ‘आमचा ड्रायव्हर’ एवढा एकच शब्द असेल.

ती माती आपल्या काळ्या रानाच्याच जातीची. ओली झाली की फुगते आणि धरलेलं सोडत नाही. त्या मातीतून गाडी काढणं ही विद्या आहे. टायरची हवा किती कमी करायची, जॅक मातीत बुडू नये म्हणून खाली काय द्यायचं, कुठलं गवत कापून चाकाखाली घातलं तर पकड येते, आणि कधी काहीच न करता ऊन पडायची वाट बघायची, हे त्या माणसाला माहीत होतं म्हणून तू त्या संध्याकाळी तळावर परतलीस. तुझ्याकडे डिग्री होती, त्याच्याकडे ही विद्या होती. तो कुठला आहे? २०१३ नंतर त्याचं घर कुठे गेलं? २०२१ च्या पुरानंतर बेंटिऊच्या चहूबाजूंनी पाणी आहे, बांधांच्या आत माणसं राहतात. त्याची गुरं वाचली का? तुला दर काही आठवड्यांनी विश्रांतीसाठी विमानाने बाहेर पाठवतात. त्याला सहसा पाठवत नाहीत, कारण तो ‘स्थानिक’. जगभरात मदतकार्य करताना जी माणसं मारली जातात, त्यांतले बहुसंख्य असे स्थानिक कर्मचारीच असतात. १९ ऑगस्ट २००३ ला बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या कार्यालयावर बॉम्बहल्ला होऊन २२ जण गेले, त्या तारखेला आपण जागतिक मानवतावादी दिन पाळतो. दर वर्षी त्या दिवशी वाचल्या जाणाऱ्या नावांत ड्रायव्हर किती असतात, ते या वेळी लक्ष देऊन ऐक.

ही गोष्ट तू पुन्हा लिहावीस असं मला वाटतं. तो माणूस धरून लिही. तू पडलेली असू दे, बूटही राहू दे. तुला वर काढताना तो काय म्हणाला ते लिही. त्याला विचारून लिही, आणि लिहिल्यावर त्याला सांग की तुझ्याबद्दल माझ्या घरी असं लिहिलंय. तो स्वतः त्यात दोन गोष्टी घालेल, बघ. तुला न दिसलेल्या गमती त्याला दिसलेल्या असतात. रेडिओरूमवाल्यांनाही विचार की त्यांनी आजवर चॅनलवर काय काय ऐकलंय. मदतसंस्थेतली माणसं येतात नि जातात, स्थानिक लोक वर्षानुवर्षं त्यांना बघत असतात. आमच्यापैकी प्रत्येकाच्या फजितीचे ते साक्षीदार आहेत. २०२१ च्या १ फेब्रुवारीला दक्षिण सुदानने घड्याळ एक तास मागे घेतलं, तेव्हा एका तळावरचे सगळे परदेशी जुन्या वेळेप्रमाणे मीटिंगला येऊन रिकाम्या खोलीत बसले होते आणि स्थानिक मंडळी बाहेर झाडाखाली चहा पीत त्यांना बघत होती. हा किस्सा मी तिथल्या वॉचमनकडून ऐकला. त्याने तो इतका रंगवून सांगितला की मला कोणा परदेशी माणसाने सांगितला असता तर निम्मीही मजा आली नसती.

तुझे सहकारी. त्यांच्याशी बोलायचं आहे आणि ते तू महिनाभर टाळलं आहेस. मीटिंगमध्ये नको, मेसेजवर तर मुळीच नको. सकाळी कामाला निघायच्या आधी त्यांच्याकडे जा. त्यांची तब्येत, घरचे, मुलं यांची नीट विचारपूस होऊ दे, तिथे मुद्द्यावर घाईने येणं उद्धटपणाचं दिसतं, आणि ते वडीलधारे आहेत. मग सांग की त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी उत्तर दिलं नाही, ते आज देते. व्हिडिओत काय होतं, मी त्यावर काय बोलले, घरचे कशाला हसले, सगळं सांग. व्हिडिओ काढून टाकला हे सांग. ‘माझा हेतू तसा नव्हता’ हे वाक्य गिळून टाक. त्याने त्यांच्यावर तुला समजून घेण्याचं ओझं पडतं. माफी माग आणि थांब. ते कदाचित लगेच विरघळणार नाहीत. तो त्यांचा अधिकार आहे. पण एक प्रश्न जरूर विचार, की त्या नळावर भांडण कशावरून होतं. त्यांना माहीत असणार. त्यांनी जे सांगितलं ते वहीत लिहून घे आणि दुरुस्त करता येण्यासारखं असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त कर. तुझ्यासारखीच्या हातात तेवढं एक आहे जे शब्दांपेक्षा जास्त खरं आहे.

पुढे कधी त्यांच्या घरून बोलावणं आलं तर जा आणि किसरा, म्हणजे तिकडची ज्वारीची पातळ पोळी, शिकवा म्हणून सांग. तू ज्वारी खाऊन वाढलेली आहेस. ते आंबवलेल्या ज्वारीचं पातळ पीठ तापलेल्या तव्यावर ओतून ताडाच्या पानाच्या पट्टीने झरकन पसरवतात, कागदाइतकं पातळ. तुला पहिल्यांदा जमणार नाही. ज्वारी मूळची आफ्रिकेतलीच. तिच्या लागवडीचे फार जुने पुरावे पूर्व सुदानात कसला नावाच्या शहराजवळ मिळाले आहेत, आपल्याकडे ती तिकडूनच आली. त्यांना सांग की आमच्या जिल्ह्यातही हेच धान्य पिकतं आणि याची भाकरी करतात. भाकरी करून दाखव. हसायला त्यांना भरपूर मिळेल.

घरच्यांबद्दल. मामीवर रागावू नकोस. तू त्यांना जेवढं पाठवलंस तेवढंच त्यांना माहीत आहे. लेकीच्या काळजीने झोप उडू नये म्हणून तू हसरं तेवढं निवडून पाठवत गेलीस, तेही प्रेमापोटीच. पण त्यामुळे आता तुझं दुःख ठेवायला त्या घरात जागाच उरली नाही. ती जागा करावी लागेल. सगळ्या ग्रुपला सांगायची गरज नाही. एक माणूस निवड. बाबा असतील, थोरला भाऊ असेल, आई तर असतेच. पण आईशी स्थळावरून वाजलेलं आहे, म्हणून तुझं तू ठरव. वेळेचा फरक साडेतीन तासांचा आहे, रविवारी तुझी दुपार म्हणजे त्यांची संध्याकाळ. तेव्हा निवांत फोन कर आणि सांग, ‘या आठवड्यात एक मूल गेलं. त्यावर काही बोलू नका, मला फक्त सांगायचं होतं.’ पहिल्यांदा पलीकडून नुसती शांतता येईल. ती माणसं घाबरतील, परत ये म्हणतील. तरी पुढच्या रविवारी पुन्हा सांग. हळूहळू ती ऐकायला शिकतात. माझी शिकली.

आणि त्या मुलाचं. त्याच्याबद्दल तू एक ओळ लिहून पुढे गेलीस. तू त्याच्या घरी गेली होतीस का? पाणी तुझं खातं असल्यामुळे जुलाबाने मूल गेलं की पहिलं बोट दाखवावंसं वाटतं ते स्वतःकडे. नमुना घेऊन पाण्यातलं क्लोरीन तपासलं असशील, नोंदी चाळल्या असशील. पाणी नळातून स्वच्छ निघून कॅनमध्ये, मडक्यात, हातावर घाण होतं, हे तुला माहीत आहे आणि तरी मन मानत नाही. तुझं हसू व्हिडिओमुळे गेलं असं तुला वाटतंय. माझ्या मते ते त्या मुलाबरोबर गेलं, आणि व्हिडिओचं प्रकरण त्यानंतर येऊन त्यावर बसलं. तारखा ताडून बघ.

झोप लागते का? जेवण जातं का? बारीकसारीक गोष्टींवरून टीमवर चिडतेस का? यातलं काही आठवड्यांमागून आठवडे चालू असेल तर वाट बघू नकोस. बहुतेक मोठ्या संस्थांत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशक असतात, फोनवर बोलता येतं, आणि ते तुझ्या वरिष्ठांना सांगत नाहीत. खंबीर माणसंही त्यांच्याशी बोलतात, मी बोलले आहे. विश्रांतीची रजा पुढे ढकलण्याची तिथे सगळ्यांनाच सवय असते, कारण पाऊस, कारण पंप, कारण माझ्यावाचून कोण बघणार. तू पुढे ढकलली आहेस असं तुझ्या पत्रावरून वाटतं. अर्ज आज भर. पावसाळ्यात रुबकोनाच्या, म्हणजे तुमच्या बेंटिऊच्याच, धावपट्टीवर चिखल झाला की विमान येत नाही, तेव्हा राजधानी जुबाहून पुढचं तिकीट काढताना मध्ये दोन दिवस मोकळे ठेव, आणि जायच्या आधी त्या नळाची धार मोजून आलेला आकडा तुझ्या जागी येणाऱ्याच्या हातात लिहून दे.

— तुझी ताई